झिजलेल्या सहा दांड्या

बिघडलेलं यंत्र समोर आलं की माझे हात शिवशिवतात. खोपोलीजवळच्या एका कारखान्यात फिटर म्हणून मी उभा जन्म काढला आणि तेवढ्या काळात ‘हे माझ्याच्यानं होणार नाही’ हे वाक्य माझ्या तोंडून एकदाही गेलं नाही. पंप, गिअरबॉक्स, साहेबांच्या घरचा मिक्सर, जे पुढ्यात येईल ते मी उघडलं, आणि बंद केलं तेव्हा ते चालत होतं. ही बढाई नाही. म्हणजे थोडी आहे, पण खरी आहे. निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वस्तू पकडायचा व्हाइस बसवला, कानशी खिळ्यांना टांगल्या, गॅसचं लहान सिलिंडर आणलं आणि शेजारपाजारचे पंखे बघत दिवस घालवू लागलो. त्यामुळे ताईचा टाइपरायटर दुरुस्त करायची वेळ आली तेव्हा मला काळजी अशी वाटलीच नाही.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. कर्जतला कचेरीबाहेर पत्र्याच्या छपराखाली टेबल टाकून तिनं तीसेक वर्षं टाइपिंग केलं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, जातीच्या दाखल्यांचे कागद. त्या रांगेत बसणारी ती पहिली बाई. सुरुवातीला लोक तिच्याच टेबलापुढे उभे राहून तिलाच विचारायचे, “टायपिस्ट कुठं गेलाय?” ती मान वर न करता म्हणायची, “इथंच हाय, बोला.” नवरा लवकर वारला. पदरी एक मुलगा. त्याला तिनं त्या मशीनच्या जोरावर शिकवलं, आणि कडावला आमच्या बौद्धवाडीत स्वतःच्या कमाईचं दोन खोल्यांचं घर बांधलं. पुढे जिकडेतिकडे कॉम्प्युटर आले. एका पावसाळ्यात तिनं मशीन जुन्या नऊवारीत गुंडाळलं, पोटमाळ्यावर चढवलं आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत तिला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय थोडाफार परत आला, काठी घेऊन ती घरातल्या घरात चालू लागली. हात आला नाही, आणि बोलणंही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, “त्यांना सगळं कळतंय, आठवण शाबूत आहे, फक्त जीभ आणि घसा साथ देत नाही.” कचेरीबाहेर वकिलांशी हुज्जत घालणारी माझी बहीण आता घशातून एक लांब आवाज काढायची आणि समोरच्याला तो समजला नाही की डोळे मिटून घ्यायची. मला ते बघवत नसे.

शेजारची वहिनी तिचं दोन वेळचं बघायची. आंघोळ, जेवण, औषधं. मधल्या वेळात तिला स्वतःचं घर, म्हशी, शेत होतंच. झोपायला वहिनीची सासू यायची. आणि मी होतो. खोपोलीहून स्कूटर काढायची, पळसदरीवरून कर्जत, कर्जतहून कडाव, असं रोज. रविवारसुद्धा चुकवला नाही.

भाचा बदलापूरला राहतो. चांगला मुलगा आहे. त्याचं म्हणणं एकच, आईला माझ्याकडे नेतो. लिफ्ट आहे, सून घरात असते, दवाखाना जवळ आहे. मी ठाम नाही म्हणालो. अहो, जिनं एकेक वीट मोजून घर बांधलं तिला तुम्ही चौथ्या मजल्यावर नेऊन बसवणार? खाली उतरलं तर ओळखीचं माणूस नाही. इथं विहार आहे, वाडीतल्या बायका आहेत, दारात अळू आहे. ताईला कडाव सोडायचं नाही हे मला माहीत होतं. ताई मला आईच्या आधीपासून माहीत आहे, असं मी म्हणत असे, आणि त्याचा अर्थ काय असं कुणी विचारायच्या भानगडीत पडत नसे.

“ताई, तुला इथंच राहायचंय ना गं?” मी भाच्यासमोर मोठ्यानं म्हणायचो.

ताई मान हलवायची.

“बघ. हो म्हणतेय.”

“मामा, माझ्याशी बोलतानाही ती अशीच मान हलवते,” भाचा म्हणाला. “मी म्हटलं, आई, येतेस ना माझ्याकडे? तेव्हाही हलवली. मानेवरून काय धरायचं आपण?”

तो चिडला नव्हता, आणि त्यामुळेच मला राग आला. शेवटी असं ठरलं की पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तो गाडी घेऊन येईल. तोवर ताईच्या मनात काय आहे ते तिच्याकडूनच कळलं तर ती म्हणेल तसं. नाही कळलं तर तो तिला घेऊन जाईल. मी म्हणालो, “कळेल की. महिना पुष्कळ झाला.” माझी तेवढी खात्री होती.

पेन डाव्या हातात दिलं तर कागदावर नुसत्या रेघोट्या यायच्या. भाच्यानं एक टॅब आणून दिला. काचेवर बोट टेकलं की थरथरीनं तीन अक्षरं एकदम उमटायची. ताईनं तो दोन दिवसांत उशीखाली सरकवला. वहिनीनं बिचारीनं अंगणवाडीतून बाराखडीचा तक्ता आणला, म्हणाली, “ताई, तुमी नुसतं बोट दावा, मी वाचते.” ताईनं तक्ता उलटा करून भिंतीला लावला. आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिलेल्या बाईला बाराखडी दाखवली तर दुसरं काय होणार?

मग एका दुपारी मी तिला वाडीतल्या कुणाच्या तरी भांडणाची गोष्ट सांगत होतो आणि माझं लक्ष तिच्या डाव्या हाताकडे गेलं. चादरीवर बोटं चालली होती. ही तिची जुनी खोड. समोरचा बोलायला लागला की ती मांडीवर टाइप करायची, आम्ही लहानपणी, म्हणजे ती टाइपिंग शिकत होती तेव्हापासून, तिला त्यावरून चिडवायचो. करंगळी, मधलं बोट, पुन्हा करंगळी. थरथर नाही, चाचपडणं नाही. मी बोलायचा थांबलो.

“ताई, मी मशीन काढतो,” मी म्हणालो.

तिनं माझं मनगट असं पकडलं की बोटांचे वळ उठले.

पोटमाळ्यावरून मशीन खाली आलं तेव्हा त्यात उंदीर संसार थाटून, आवरून, निघूनही गेले होते. कागद जिच्यावर बसतो ती गाडी जाम. ती ओढणारी दोरी तुटलेली. रबरी रोळ दगडासारखा. बटणं दाबली तर अक्षरांच्या दांड्या अर्ध्यात उभ्या राहायच्या आणि तिथंच थांबायच्या. स्कूटरच्या पुढ्यात दोन पायांमध्ये ठेवून मी ते खोपोलीला आणलं. वाटेत गतिरोधकावर ते एकदा खणखणलं तर मला बरं वाटलं, म्हटलं घंटा तरी जिवंत आहे.

पहिले चार दिवस रॉकेल आणि दात घासायचा ब्रश. सुटे झालेले स्क्रू मी, बायकोच्या भाषेत सांगायचं तर, तिच्या चांगल्या वाट्यांमध्ये लावून ठेवले. गाडीच्या दोरीच्या जागी मासे धरायची नायलॉनची दोरी लावली, जुनीपेक्षा टणक. रोळ पॉलिश पेपरनं घासून वरचं मेलेलं रबर काढलं. कर्जतच्या एका स्टेशनरीवाल्याकडे माळ्यावर दोन फिती सापडल्या, कोरड्या ठणठणीत. त्यांना शिक्क्याची शाई आणि दोन थेंब मशीनचं तेल पाजून रात्रभर प्लास्टिकच्या पिशवीत मुरवलं. दुसऱ्या दिवशी अक्षर उमटलं, काळंभोर. मी एकटाच शेडमध्ये टाळी वाजवली.

एका हातानं टाइप करायचं तर शिफ्ट कोण दाबणार, हा प्रश्न होता. मराठी मशीनवर अर्धी अक्षरं शिफ्टखाली, दर शब्दाला लागतात. मी भंगारातून शिलाई मशीनचं पायडल आणलं, सायकलच्या ब्रेकची केबल घेतली आणि शिफ्टचा दांडा पायडलला जोडला. डाव्या पायानं दाबलं की शिफ्ट. ओळ संपल्यावर गाडी मागे ढकलायचा दांडा मूळचाच डावीकडे असतो, तेवढं कंपनीनं माझं काम वाचवलं होतं. हे पायडल करून झालं त्या दिवशी मी बायकोला तीनदा बोलावून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “आता ते मला विकताय का?”

आता मुख्य गोष्ट. दांडी वर उठून कागदावर आपटते तेव्हा तिच्या खालची टाच एका आडव्या पट्टीला धक्का देते. त्या धक्क्यानं गाडी एक घर पुढे सरकते. सगळी यंत्रणा एवढीच. मी एकेक बटण दाबून बघत गेलो तर सहा दांड्या अशा निघाल्या की अक्षर उमटतं, पण गाडी जागची हलत नाही. उघडून पाहिलं. त्या सहा दांड्यांची टाच बाकीच्यांपेक्षा आखूड होती. पट्टीपर्यंत पोचतच नव्हती.

झिजलेत, मी म्हटलं. तीस वर्षं कमी नाहीत.

एक सांगायला हवं. मला त्याच क्षणी काहीतरी खटकलं होतं. सहाही टाचा अगदी एकसारख्या आखूड होत्या, कडा स्वच्छ. झीज अशी नसते. झीज तिरपी असते, कुठे जास्त कुठे कमी असते, हे मी कारखान्यात नव्या पोरांना पन्नास वेळा शिकवलेलं आहे. कर्जतमध्ये ताईच्या रांगेतले दोन जुने टायपिस्ट अजून आहेत. जाता येता त्यांच्या दारावरून माझी स्कूटर जाते. थांबून विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण मी मशीनबद्दल कुणाला विचारायला जात नाही, लोक मला विचारायला येतात. मी सहा दांड्या काढल्या, अक्षराच्या टोकाला उष्णतेनं ते सुटू नये म्हणून ओलं फडकं गुंडाळलं, आणि टाचांवर पितळ चढवलं. मग कानशीनं घासून बाकीच्यांच्या मापाला आणलं. सुरेख काम झालं. प्रत्येक बटणाला गाडी टकटक पुढे जाऊ लागली.

मंगळवारी मशीन कडावला नेलं. रविवारी भाचा येणार होता. ताईला खुर्चीत बसवलं, पुढे टेबल, डाव्या पायाखाली पायडल. तिनं आधी मशीनवर नुसता हात ठेवला. मग पायडल दाबून पाहिलं, शिफ्ट उचलली गेली तशी माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसली. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी कागद चढवला आणि म्हणालो, “बोल, ताई.”

तिनं टाइप करायला सुरुवात केली. एक शब्द, दुसरा शब्द. मग थांबली. कागदाकडे वाकून पाहिलं. गाडी एक घर मागे घेतली, पुन्हा काहीतरी दाबलं, पुन्हा थांबली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. आणि मग तिनं एकच बटण दाबायला सुरुवात केली. तेच ते बटण, पुन्हा पुन्हा. ओळ संपली. गाडी मागे ढकलली आणि दुसऱ्या ओळीत दुसरं बटण धरलं. कागदावर नुसत्या मात्रांची रांग. खाली नुसत्या उकारांची रांग. अक्षर एक नाही. मधूनच ती माझ्याकडे बघून घशातून तो आवाज काढायची, गाडीवर बोट आपटायची आणि पुन्हा तेच बटण.

“ताई, अक्षरं दाब ना,” मी म्हणालो. “नुसत्या मात्रा काय करतेस?”

तिनं टेबलावर हात आपटला.

“काका, नका जबरदस्ती करू,” वहिनी म्हणाली. “त्यांना नाय सुधरत हाय.”

मशीन चालत होतं, ते मी डोळ्यांनी बघत होतो. मग बिघाड कुठे होता? मी तिथंच, त्याच खोलीत, ताई दोन हात अंतरावर बसलेली असताना भाच्याला फोन लावला. म्हणालो, “अरे, मशीन झालंय, पण आई नुसत्या रेघा ओढतेय. मला वाटतं डोक्यावरही परिणाम झालाय. तिला आता कळत नाही.”

तो म्हणाला, “बरं मामा. मग रविवारी मी नेतोच.”

फोन ठेवून वळलो तर ताईनं तोंड भिंतीकडे केलं होतं. मी दोनदा हाक मारली. तिनं मागे पाहिलं नाही. मशीनमधला कागद काढून मी घडी केला, खिशात घातला आणि निघालो. रस्ताभर डोळ्यांत पाणी येत होतं. मी हरलो होतो आणि ताई हातची गेली होती, आणि त्यातलं जास्त दुःख कशाचं होतं हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नसतं.

तीन दिवस मी कडावला गेलो नाही. शुक्रवारी रात्री जुन्या कागदांची फाइल काढून बसलो. कारखान्यातल्या नोकरीसाठी मी दिलेला अर्ज ताईनंच टाइप केला होता, त्याची दुसरी प्रत मी जपून ठेवली आहे. ती कशी होती हे मला बघायचं होतं. कागद पिवळा पडलाय, टाइप मात्र ठसठशीत. ‘विनंती’वरचा अनुस्वार नेमका डोक्यावर. ‘सेवेत’वरच्या मात्रा जागच्या जागी, आणि पुढचं अक्षर लगेच चिकटून.

मी खिशातला मंगळवारचा कागद शेजारी ठेवला. त्यावरचे पहिले दोन शब्द मी तेव्हा नीट वाचलेच नव्हते. शब्द बरोबर होते. फक्त प्रत्येक मात्रेनंतर, प्रत्येक उकारानंतर एक घर रिकामं सुटलं होतं. खिंडार पडल्यासारखं.

मात्रा म्हणजे अक्षराच्या डोक्यावर बसायची वस्तू. ती उमटताना गाडी हलायला नकोच असते. मात्रा, उकार आणि अनुस्वाराच्या त्या सहा दांड्यांच्या टाचा झिजल्या नव्हत्या. त्या कारखान्यातच तशा कापलेल्या होत्या, गाडी जागेवर राहावी म्हणून. जे मशीनचं कसब होतं ते मी बिघाड समजून भरून काढलं होतं, आणि वर पितळ लावून. आणि ताई? ताईला पहिल्या दोन शब्दांत कळलं होतं. मग ती एकच मात्रा वीस वेळा मारून मला दाखवत होती की बघ, ही एकावर एक पडायला हवी, ही पळतेय. गाडीवर बोट आपटून दाखवत होती. अख्ख्या कारखान्यात इतका स्वच्छ बिघाड मला कुणी दाखवला नव्हता. आणि मी तिच्यासमोर फोनवर सांगितलं की तिला कळत नाही.

बायकोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग इथं काय बसलाय? सकाळीच जा की.”

शनिवारी सकाळी कानशी, पक्कड, लहान व्हाइस पिशवीत घालून मी कडावला पोचलो. ताई अंथरुणावर बसली होती. मी तिच्यापुढे दोन्ही कागद ठेवले आणि म्हणालो, “ताई, मी चुकलो. मशीनही बिघडवलं आणि बोललोही वाईट.” तिनं कागद पाहिले. मग डाव्या हातानं माझ्या डोक्यात एक टपली मारली, लहानपणी मारायची तशी, चांगली जोरात. मला रडू आलं आणि हसूही. वहिनी चहा ठेवायला पळाली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या हुकमावर काम केलं. ओट्यावर मशीन उघडलं. एक दांडी घ्यायची, टाचेवरचं पितळ कानशीनं उतरवायचं, जागेवर बसवायची आणि बाजूला व्हायचं. ताई बटण मारायची, गाडीकडे बघायची. गाडी अर्धी थरथरली तरी ती बोटानं खूण करायची, अजून. मी म्हणायचो, “आता पुरे झालं गं.” ती पुन्हा खूण करायची, अजून. तिचंच बरोबर निघायचं. सहावी दांडी बसली तोवर चार वाजले होते. तिनं एकाच जागी दहा मात्रा मारल्या, दहाही एकमेकींवर पडून कागदाला भोक पडायच्या बेतात आलं, आणि गाडी हलली नाही. ताईनं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी जन्मात विसरणार नाही.

मला राहवलं नाही. म्हणालो, “आता लगेच लिही, इथंच राहायचं म्हणून. मी त्याला फोटो पाठवतो.” तिनं मान हलवली नाही. मशीनवर कापड टाकलं आणि उद्या अशी खूण केली. दमली असेल, मी म्हटलं.

रविवारी दहाला भाचा आला. मी आधीच हजर होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा, आणि म्हणालो, “आता आईच्या तोंडून ऐक.” सांगताना माझी छाती थोडी फुगली होती हे कबूल करतो. चूक माझी असली तरी मशीन मीच उभं केलं होतं, आणि ताई काय म्हणणार हे मला ठाऊक होतं.

ताई तासभर टाइप करत होती. एक बोट, पायडल, एक बोट. आम्ही दोघं समोर खाली बसलो होतो आणि मध्ये बोलायची टाप नव्हती, कारण आवाज झाला की ती हात थांबवून बघायची. टाइप करताना तिची पाठ ताठ झाली होती. शेवटी तिनं कागद सोडवला आणि तो भाच्याला दिला नाही, मला दिला. मी मोठ्यानं वाचायला लागलो.

“मला बदलापूरला मुलाकडे जायचे आहे. मागच्या महिन्यात दुपारी मोरीत पडले होते. हाक मारता आली नाही. कोणी येईपर्यंत तशीच पडून राहिले. नंतर कोणाला कळू दिले नाही. घरात एकटी असले की मला भीती वाटते. भाऊ इतक्या लांबून रोज येतो. त्याला वाईट वाटेल म्हणून मान हलवत होते.”

शेवटची ओळ मला वाचता आली नाही, ती भाच्यानं वाचली. मला आठवत होती ती कचेरीबाहेरची ताई, वकिलाच्या अंगावर जाणारी, आणि ती मोरीच्या ओल्या लादीवर तोंड उघडून पडलीय आणि आवाज येत नाही, हे डोळ्यांपुढून हलेना. त्या महिन्यात मी तिच्याकडे रोज गेलो होतो.

“मग आधी सांगायचं नाही का गं?” मी म्हणालो. बोलून गेल्यावर कळलं मी कुणाला काय विचारतोय.

ताई रागावली नाही. तिनं दुसरा कागद मागितला, मी चढवून दिला. तिनं एवढंच टाइप केलं:

“तू विचारत नव्हतास. सांगत होतास.”

मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला, रोजच्या त्या सगळ्या फेऱ्यांचा. मग तोही गेला. मी उठलो, तोंडावर पाणी मारून आलो आणि ताईच्या समोर बसलो, खाली नाही, खुर्ची ओढून, तिच्या डोळ्यांसमोर. कागदावर जागा होती तिथं गाडी नेली.

“बरं,” मी म्हणालो. “बरोबर काय काय न्यायचं?”

ताईनं पायडलवर पाय ठेवला. मी ओठ घट्ट मिटले आणि वाट बघत बसलो.